टर्बो गाडीचा एक्झॉस्ट : पाइपचं माप ठरवताना या चुका टाळा

‘थोडं बॅकप्रेशर (एक्झॉस्टमध्ये वायूला होणारा उलटा दाब) लागतंच, नाहीतर टॉर्क जातो,’ असं छातीठोकपणे सांगणारा एक तरी जाणकार प्रत्येक गॅरेजमध्ये भेटतो. टर्बो गाडीच्या बाबतीत त्याचं ऐकू नका. बिनटर्बोच्या इंजिनात पाइप बेताचा असला की वायूचा वेग टिकतो आणि सिलिंडर नीट रिकामा होतो. हा समज तिथून आलाय. टर्बोचं, म्हणजे एक्झॉस्टच्या वायूने फिरून इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंपाचं, चाक मात्र त्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातल्या फरकावर फिरतं. मागचा दाब जितका कमी, तितका बूस्ट (कोंबलेल्या हवेचा दाब) लवकर येतो.

मग सरळ चार इंची टाकायचा का? तेही नको. ११० एचपीच्या १.० टीएसआय (छोट्या टर्बो पेट्रोल) इंजिनाला तीन इंची पाइप लावला तर आवाजाखेरीज फारसं काही पदरात पडत नाही, वर स्पीडब्रेकरला पाइप घासतो तो वेगळाच. ढोबळ हिशेब असा : २५०-३०० एचपीपर्यंत अडीच इंच, तिथून ५०० च्या आसपास तीन, त्यापुढे साडेतीन ते चार. आकडा आजचा धरू नका, गाडी जिथवर न्यायची आहे तिथला धरा. पाइप दोनदा करणं महागात पडतं.

समजा मूळची २३० एचपीची ऑक्टाव्हिया आरएस मोठा टर्बो लावून ४०० वर न्यायची आहे. दर १० एचपीमागे मिनिटाला साधारण एक पौंड हवा लागते, म्हणजे इथे ४० पौंड, जवळपास १८ किलो. पेट्रोल धरून तयार होणारा हा वायू ७०० अंश सेल्सियसला अडीच इंची पाइपमधून सेकंदाला ३०० मीटरच्या पुढे धावतो, तीन इंचीत २०० च्या थोडा वर. वेग एवढा उतरला की त्याच वाकणांमध्ये वाया जाणारा दाब निम्म्यावर येतो. अर्ध्या इंचाने एवढा फरक पडतो, कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. म्हणूनच ‘दोन इंचाचे दोन, म्हणजे चार इंची झाला’ हा हिशेबही चुकीचा. त्या दोघांचं मिळून ६.२८ चौरस इंच भरतं, तीन इंची एकट्याचं ७.०७.

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते मागून सुरुवात केल्यामुळे. मफलर आणि चकचकीत टिप आधी येते, डाऊनपाइप, म्हणजे टर्बोला लागूनचा पहिला पाइप, कंपनीचाच राहतो. वायू सर्वात गरम, म्हणून सर्वात फुगलेला असतो तो टर्बोतून बाहेर पडताना. मागे जाता जाता तो थंड होऊन आकसतो. पैसे आधी डाऊनपाइपवर घाला. मागचा भाग अर्धा इंच लहान राहिला तरी फारसं बिघडत नाही.

तीन इंची म्हणून घेतलेला पाइप सगळीकडे तीन इंची आहे का, तेही बघा. साध्या बेंडिंग मशीनवर वाकवलेला पाइप वाकणावर चपटा होतो. कॅलिपर लावा : ७६ मिमीच्या जागी ६५ दिसलं तर मँड्रेल बेंड (आतून आधार देऊन, चपटा न होऊ देता वाकवलेला) मागा. फ्लँज (पाइपचा बोल्टचा जोड) उघडून गॅस्केट तपासा. अडीच इंची भोकाचं गॅस्केट तीन इंची पाइपमध्ये चक्क कडं बनून बसलेलं सापडतं. मफलरच्या एका तोंडातून टॉर्च मारा. प्रकाश आरपार दिसला नाही तर आत कप्पे आहेत, आणि तिथे वायूची वाट अडते.

नवा पाइप बसवल्यावर वरच्या आरपीएमला बूस्ट आपोआप चढू लागला, १.४ बारला सेट केलेला १.७ दाखवू लागला, तर दोष पाइपचा नाही. वेस्टगेट (जादा वायू टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप) लहान पडतोय. आधी त्याचं बघा आणि ट्यून (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग) नव्याने करून घ्या, तोवर फुल थ्रॉटल नाही.

कॅट (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढून टाकायचा मोह आवरा. पीयूसी अडेल, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत मनाला येतील ते बदल करता येत नाहीत. मोकळ्या सायलेन्सरवर पोलिसांचा रोडरोलर फिरतानाचे फोटो बुलेटवाल्यांनी पुरेसे पाहिलेत.

गाडी अजून दबलेली वाटत असेल तर अंदाज बांधत बसू नका. डाऊनपाइप बनवतानाच टर्बोनंतर, कॅटच्या आधी, सेन्सरसाठी असतो तसा एक जादा बंग (आटे असलेली कडी) वेल्ड करून घ्या. त्याला लांब तांब्याची नळी जोडून गेज लावा आणि डायनोवर (गाडी जागच्या जागी पळवून ताकद मोजायच्या यंत्रावर) फुल थ्रॉटल रन काढा. दाब २ पीएसआयच्या (पौंड प्रति चौरस इंच) आत असेल तर पाइपला हात लावू नका. ४-५ आलं तर कॅटच्या मागचा जोड सोडून पुन्हा रन काढा. दाब पडला तर अडथळा मागे. नाही पडला तर डाऊनपाइप किंवा कॅट उतरवून तपासा.