ठणका, चमक, आग: वेदनाग्रस्त किशोरवयीनांसोबत काम करू इच्छिणाऱ्या डिझाइनच्या विद्यार्थ्यांसाठी

डिझाइनच्या अभ्यासक्रमातील शेवटचा प्रकल्प म्हणून मी एका रुग्णालयात, तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या, म्हणजेच दीर्घकालीन वेदना असलेल्या मुलामुलींसोबत काम केले. पहिल्या दिवशी माझ्या पिशवीत मखमल, लोकर आणि कापसाच्या छोट्या उश्या होत्या, कारण जे मऊ ते सुखाचे असे मी गृहीतच धरले होते. सीआरपीएस या विकारामुळे (यात दुखापत बरी झाल्यानंतरही त्या अवयवातील वेदना जात नाही) महिनोन्‌महिने पाय दुखत असलेल्या नववीतील एका मुलीने मखमल पावलाला लागताच पाय मागे ओढला. काथ्याचा जाड पट्टा मात्र तिने आपणहून तळव्याखाली घट्ट दाबून धरला. हलक्या स्पर्शानेही वेदना होण्याच्या या अवस्थेला ॲलोडिनिया म्हणतात, हे फिजिओथेरपिस्टने मला त्यानंतर समजावून सांगितले. खरे तर मी ते आधीच विचारायला हवे होते.

चोळल्याने दुखणे कमी का होते, याचा उलगडा करणारा मेलझॅक आणि वॉल या संशोधकांचा 1965 चा ‘गेट कंट्रोल’ सिद्धान्त (स्पर्शाचे संकेत मज्जारज्जूत वेदनेच्या संकेतांची वाट अडवतात) आपल्याकडचे विद्यार्थी प्रत्येक सादरीकरणात मांडतात, मीही मांडला होता. परंतु ॲलोडिनियामध्ये साधा स्पर्शच वेदना म्हणून जाणवतो, त्यामुळे त्या एका आधारावर वस्तू बनवणे धोक्याचे आहे. कोणता पोत, किती दाब आणि किती वेळ, हे मुलाने स्वतःच्या हाताने ठरवावे आणि आपण थांबून पाहावे.

साहित्याची निवड आजारानुसार बदलते. विदर्भातील अनेक कुटुंबांना परिचित असलेल्या सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारामध्ये थंडीमुळे वेदनेचा झटका येऊ शकतो, म्हणून शाडूची माती कोमट पाण्यात भिजवावी. लहान वयात होणाऱ्या संधिवातात सकाळी सांधे आखडलेले असतात. अशा मुलांचे सत्र दुपारी ठेवावे आणि ब्रशच्या दांड्यावर सुती पट्टी गुंडाळून तो जाड करावा.

या कामाचा खरा उपयोग मला वेगळ्याच ठिकाणी दिसला. वेदना शून्य ते दहापैकी किती, असे रोज विचारले गेल्याने ही मुले ‘सहा’ असे सांगून मोकळी होतात आणि हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचा तक्ता पाहून त्यांना आपण बालवाडीत बसल्यासारखे वाटते. ठणका, कळ, चमक, रग, आग, चुरचुर असे कितीतरी शब्द आपल्या भाषेत असूनही दवाखान्यात त्यांच्या तोंडी ‘पेन होतंय’ एवढेच येते. म्हणून मी पॉलिश पेपर, घोंगडीचा तुकडा, खण, रबर, काथ्या अशा बारा नमुन्यांचा जुडगा केला आणि शरीराच्या बाह्यरेषेवर ते चिकटवायला दिले. एका मुलाने एकाच गुडघ्यावर दोन नमुने लावले: सकाळसाठी ताठ रबर आणि रात्रीसाठी पॉलिश पेपर. “रात्री चुरचुरतं, सकाळी नुसतं आखडतं,” असे तो म्हणाला आणि डॉक्टरांनी त्या दोन तक्रारी प्रथमच वेगवेगळ्या लिहून घेतल्या. त्याचे दुखणे त्यामुळे कमी झाले नाही, आणि तसे होईल असे आश्वासन पालकांना कधीही देऊ नये. आपली पदवी उपचाराचा अधिकार देत नाही.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात सांगतो. धुता किंवा पुसता न येणारा नमुना एका मुलाकडून दुसऱ्याकडे जाऊ देऊ नये. सत्र अर्ध्या तासात आटोपावे आणि दहावीच्या मुलांना गृहपाठासारखे काहीही देऊ नये, कारण बुडालेल्या शाळेचे ओझे त्यांच्यावर आधीच असते. तयार झालेला वेदनेचा नकाशा मुलाचाच असतो, तो घरी न्यायचा की फाडून टाकायचा हे त्यानेच ठरवायचे. माझ्या पोर्टफोलिओत फक्त त्या बारा नमुन्यांच्या जुडग्याचे छायाचित्र आहे.