गहू घराबाहेर काढण्याआधी: सिलिॲक झालेल्या घराची तयारी

मुलाला सिलिॲक, म्हणजे गव्हाने आतड्याला इजा होण्याचा आजार, असू शकतो असं डॉक्टरांनी नुसतं म्हटलं की हात आधी कणकेच्या डब्याकडे जातो. तो डबा आहे तिथेच राहू द्या. टीटीजी आयजीए ही प्रतिपिंडांची रक्ततपासणी, सोबत एकूण आयजीए आणि डॉक्टरांनी सांगितली तर एंडोस्कोपी करून लहान आतड्याची बायोप्सी, एवढं उरकेपर्यंत मुलाने रोजच्यासारखं पोळी, पाव, बिस्कीट खात राहायचं आहे. गहू आधीच थांबवला तर रक्तातली प्रतिपिंडं उतरतात, आतडं भरून यायला लागतं आणि रिपोर्ट नॉर्मल येतो. मग ना धड निदान, ना धड पथ्य. पुन्हा कित्येक आठवडे गहू खायला घालून तपासणी करावी लागते, आणि नुकतं कुठे बरं वाटू लागलेल्या पोराला ते करायला लावणं आईबापाच्या जिवावर येतं. मुंबईत परळला केईएम आणि मुलांसाठीचं वाडिया रुग्णालय आहे, खाजगी पोटविकारतज्ज्ञही पुष्कळ आहेत. कुठेही जा, पण तपासणी आधी आणि पथ्य नंतर, हा क्रम सोडू नका.

निदान पक्कं झालं की घरातल्या सगळ्यांना एकदाच बसवून सांगा की ही गव्हाची ॲलर्जी नाही. गहू, सातू (म्हणजे जव) आणि राय (मोहरी नव्हे) या धान्यांतल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीर स्वतःच्याच आतड्यावर उलटतं. औषधाची गोळी नाही, उपाय पथ्य एवढाच, आणि तो जन्मभराचा. भावंडांची आणि आईबापाची रक्ततपासणीही याच महिन्यात करून घ्या, त्यांना काहीही त्रास नसला तरी. जवळच्या नात्यात हा आजार निघण्याची शक्यता साधारण दहात एक असते. तोवर त्यांचाही गहू चालूच राहू द्या.

आता स्वयंपाकघर. किती गहू पोटात गेला तर चालतो, हा प्रश्न घरात कोणीतरी विचारतंच. रोज 50 मिलिग्रॅम ग्लुटेन महिनोन्‌महिने पोटात गेलं तरी आतड्याला इजा होते, असं अभ्यासात दिसलेलं आहे. कणकेच्या हिशेबात हे अर्धा ग्रॅम पीठ झालं. पोळी लाटताना पोळपाटाभोवती जी पिठी उडते ती यापेक्षा जास्त असते. म्हणून मुंबईच्या दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबायच्या स्वयंपाकघरात 'एका ओट्यावर दोन स्वयंपाक' मला पटत नाही. ज्यांचं घर मोठं आहे त्यांनी खुशाल करावा. आम्ही कोरडी कणीक, मैदा आणि रवा घरातून हद्दपार केला आणि बाकीच्यांच्या पोळ्या कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून आणायला लागलो. भाजलेल्या पोळीचे कण पडतात, पण ते पुसता येतात. हवेत उडालेलं पीठ कुठे आणि कसं पुसणार? मुंबईत हातात आयती पोळी मिळते, हे या आजारातलं एक सुखच म्हणायचं.

भांड्यांपैकी स्टीलची पातेली, कुकर, ताटं-वाट्या घासून घेतली की झालं. लाकडी पोळपाट-लाटणं, लाकडी उलथनं, कणकेची चाळणी, चरे पडलेला नॉनस्टिक तवा आणि टोस्टर मात्र द्या कुणाला तरी. चाळणीची जाळी कितीही घासली तरी पीठ सोडत नाही. उजेडात धरून बघा, कडेच्या पट्टीत पांढरी रेघ दिसेल. भाकरीसाठी नवा तवा आणि नवी परात घ्या. लोणी, जॅम, तूप यांत पोळीला लागलेला चमचा परत बुडतो, म्हणून त्या बाटल्या मुलाच्या वेगळ्या, झाकणावर लाल चिकटपट्टी लावून. फडताळात ग्लुटेनवालं काही ठेवायचंच असेल तर ते खालच्या कप्प्यात, कारण सांडलेलं नेहमी खालीच जातं.

तयारीचा सगळ्यात मोठा भाग गिरणीचा आहे, आणि तोच लोक विसरतात. ज्वारी निर्मळ, तांदूळ निर्मळ, नाचणी निर्मळ, हे खरंच. पण आपण ते दळायला टाकतो कुठे? एकदा गिरणीत पाच मिनिटं उभं राहून नुसतं बघा. आधीच्या गिऱ्हाइकाचे गहू संपत आलेले असतात, गिरणीवाला वरून आपली ज्वारी ओततो, तोंडाला बांधलेल्या कापडी नळीला दोन टपल्या मारतो, आणि आपल्या डब्यात आधी पडतं ते त्या माणसाच्या गव्हाचं पीठ. बऱ्याच ठिकाणी तांदूळ-ज्वारीची चक्की वेगळी असते. पण झाडू, खुरपं, तराजू एकच, आणि हवेत पीठ इतकं की गिरणीवाल्याच्या पापण्याही पांढऱ्या. 'आमचं वेगळं दळतो हो' असं तो मनापासून सांगतो, आणि त्याच्या परीने खरंच सांगतो. तरीही भरवसा ठेवू नका. घरघंटी घ्या, आणि ती नवीच घ्या. कुणाची जुनी स्वस्तात मिळतेय म्हणून आणलीत तर तिच्या पोटातले गहू फुकट मिळतील. आवाज होतो, खालच्या मजल्यावरचे विचारतात. दुपारी दळा. घरघंटी परवडत नसेल तर भरवशाचं ग्लुटेन फ्री छापलेलं पाकीटबंद पीठ आणा. उपासाचं राजगिरा आणि शिंगाड्याचं सुटं पीठही असंच कुठल्यातरी चक्कीतून आलेलं असतं, त्यामुळे 'उपासाचं आहे, चालेल' हे सरसकट म्हणता येत नाही. साबुदाणा, वरी, अख्खा राजगिरा आणा, निवडा, धुवा.

यानंतर मसाल्याचा डबा ओट्यावर उपडा करा. हिंगाची डबी घ्या आणि मागची बारीक अक्षरं वाचा. आपण वापरतो तो हिंग निव्वळ हिंग नसतो, त्यात पीठ मिसळलेलं असतं आणि ते बहुतेक वेळा गव्हाचं निघतं. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, खडा हिंगही मिळतो. तो आणा. पण फोडणीतला हिंग सुटला तरी लोणच्यातला, पापडातला, विकतच्या मसाल्यातला उरतोच, म्हणून तीही पाकिटं एकेक करून वाचायची. मेतकुटाने तर मला सगळ्यात जास्त राग आणला. पोट बिघडलं की मऊ भात, मेतकूट आणि तूप हे आपल्याकडचं ठरलेलं औषध, आणि पारंपरिक मेतकुटात डाळी-तांदळाबरोबर मूठभर गहू भाजून घातलेले असतात. थालीपिठाच्या भाजणीतही तेच. सातूचं पीठ म्हणून जे आपल्याकडे खातात त्यात गहूच असतो, आणि त्यातला सातू खरा असला तरी सुटका नाही, तो जवच. वांद्रे, वसईकडच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती शेजाऱ्यांनी प्रेमाने बॉटल मसाला दिला तर विचारून घ्या, त्याच्या जुन्या पाककृतींत हरभऱ्याबरोबर गहूही येतो. लालबागच्या मसाला गल्लीत डंकावर कुटून आणत असाल तर हिंग आपला न्या. मेतकूट आणि भाजणी गहू वगळून घरीच करा, चवीत काडीचाही फरक पडत नाही. भाजणीत गव्हाऐवजी थोडी ज्वारी वाढवली की थालीपीठ उलट खुसखुशीत होतं.

पाकिटांचं थोडक्यात सांगते. 'ग्लुटेन फ्री' लिहायचं तर किलोला 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नको, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. घटकांच्या खाली 'कंटेन्स व्हीट' किंवा ॲलर्जीची सूचना असते, ती आधी वाचा. माल्ट बहुधा जवाचा असतो, म्हणून कॉर्नफ्लेक्स आणि दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरी तपासा. सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो. साधे ओट्स नकोत. औषधाच्या दुकानात नवी गोळी घेतानाही विचारा.

दूध. आतड्याचा आतला थर झिजलेला असतो, तेव्हा दुधातली साखर पचवणारं लॅक्टेजही कमी पडतं. म्हणून गहू बंद करूनही पोट फुगत राहतं आणि घरात कुजबुज सुरू होते की निदानच चुकलं. डॉक्टरांना विचारून काही दिवस दूध कमी करा, दही-ताक बहुतेकांना सोसतं. आतडं भरून आलं की दूध पुन्हा चालतं, तेव्हा जन्माचं बंद करून कॅल्शियमची नवी चिंता ओढवून घेऊ नका. लोह, बी12 आणि ड जीवनसत्त्वही तपासून घ्या.

आता माणसं. हा कप्पा भांड्यांपेक्षा अवघड. 'एक घास खाल्ला तर काय होतंय?' हे वाक्य तुम्हाला सासरी, माहेरी आणि लिफ्टमध्येही ऐकायला मिळेल. आमच्या सासूबाईंना नातीच्या पथ्यातला अर्ध्या ग्रॅमचा हिशेब पटेना. शेवटी मी म्हटलं, "आई, तिचा डबा सोवळ्यातला समजा. खरकटा हात नाही, दुसरा चमचा नाही." त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मग असं आधी सांगायचंस ना!" त्या दिवसापासून आमच्यापेक्षा त्याच कडक. तुमच्या घरी कोणती भाषा चालेल ते तुम्हीच शोधा. स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंनाही नीट सांगा. त्या चार घरच्या पोळ्या लाटून येतात, हातावर, पदरावर पीठ असतं. हात धुणं आणि आपल्या घरचा ॲप्रन, एवढं मागायला संकोच करू नका. भाकरी थापताना खाली पीठ कुठल्या डब्यातलं घेतलं हेही एकदा शेजारी उभं राहून बघा.

शाळेसाठी डॉक्टरांचं पत्र घ्या, त्याच्या झेरॉक्स काढा. वर्गशिक्षिकेला सांगायच्या गोष्टी दोनच: डबा वाटून खायचा नाही, आणि खेळायची रंगीत क्ले बहुधा मैद्याची असते, तेव्हा हात धुवायचे. वाढदिवसांसाठी एक चॉकलेटचं पाकीट शिक्षिकेकडे ठेवून द्या. मुलाला 'आजारी' म्हणून मिरवू नका. 'मला गहू चालत नाही, थँक यू' हे त्याचं त्याला म्हणता आलं की अर्धं काम झालं.

बाहेर खायचं तर उडप्याकडची इडली चटणीबरोबर, सांबाराचा हिंग विचारून. रवा डोसा अर्थातच नाही. मालवणी खानावळीत तळलेला बोंबील बहुतेकदा रव्यात घोळवलेला असतो, आणि कोंबडी-वड्यांच्या पिठातही गहू पडतो. भात, रव्याशिवायची आमटी-मासे आणि सोलकढी मागा, तांदळाच्या भाकरीआधी तवा कुठला ते विचारा. भेळेत कुरमुरे आणि शेव असले तरी भैयाचा हात पुरीच्या डब्यातूनच येतो. पाव काढून नुसता वडा? कढई, हिंग, चिमटा सगळं सामायिक. घरी करा. गाडीने कोकणात जाताना भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी, राजगिऱ्याच्या वड्या आणि केळी, आणि गाडी उशिरा धावेल असं धरून एक डबा जास्तीचा.

सोसायटीच्या गणपतीआधी मंडळाला सांगून ठेवा. सत्यनारायणाचा शिरा रव्याचा, तो नाही. उकडीचे मोदक आणि खिरापत चालते, पण शिऱ्याच्या डावाने वाढली तर नाही. आमच्याकडे आता प्रसादाला केळं वेगळं काढून ठेवतात, कुणाला वाईट वाटत नाही. दिवाळीत करंज्या, शंकरपाळ्या, चिरोटे आणि रव्याचे लाडू गळतात. तांदूळ-डाळींच्या भाजणीची चकली, घरी दळलेल्या डाळीच्या बेसनाचे लाडू, पोह्यांचा चिवडा आणि अनारसे उरतात. हे आधी तळा, तेल ताजं असताना, मग इतरांचं काय ते. शेजारून आलेलं फराळाचं ताट हसून घ्या आणि मोठ्यांनी संपवा.

एवढं करूनही कधीतरी काहीतरी पोटात जाईलच. उतारा नाही. पाणी पाजा, विश्रांती द्या, काय खाल्लं ते लिहून ठेवा आणि पोराला रागावू नका, नाहीतर पुढच्या वेळी ते सांगणार नाही. उलट्या थांबत नसतील तर डॉक्टर. टीटीजीची पुढची तपासणी साधारण सहा महिन्यांनी असते, आणि आकडा खाली यायला वर्ष किंवा जास्तही लागतं. तारीख आजच कालनिर्णयवर मांडा, त्याच चौकटीत मुलाची उंची आणि वजन लिहायला जागा सोडून.