क्षाराचं पाणी: ॲसिडची बाटली आधी खाली ठेवा, या चुका टाळा

सोलापुरात नळ आणि गीझर दुरुस्त करण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. क्षारानं बिघडलेली कामं भरपूर येतात, पण क्षार काढायला जाऊन बिघडवलेली त्याहून जास्त.

गेल्या उन्हाळ्यात मंगळवार पेठेतल्या एका जुन्या घरी गेलो. तक्रार गीझरची होती, पण न्हाणीत पाय ठेवला तर शहाबादी फरशी खरखरीत, मध्येमध्ये पांढरट चट्टे.

"मावशी, हे काय झालं ओ?"

"पोरानं संडासाचं ॲसिड टाकून साफ केलंय की. काय फेस येत होता! सगळा क्षार निघाला बघा."

क्षार कुठला निघतोय! शहाबादी म्हणजे मुळात चुनखडीचाच दगड. वरचा पांढरा थर कॅल्शियम कार्बोनेटचा आणि खालची फरशीही बहुतेक त्याचीच, त्यामुळे ॲसिड दोन्ही सारखंच खातं. जेवढा फेस, तेवढी फरशी गेली. कडप्प्याच्या ओट्याचीही हीच गत होते. शिवाय नळांचं क्रोम उडून आतलं पितळ दिसत होतं. नशीब, त्यावर ब्लीचिंग पावडर टाकली नव्हती. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद न्हाणीत तो जिवावर बेततो.

माझी पद्धत साधी आहे. लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्व. शॉवरची चकती आणि नळाच्या तोंडची जाळी काढून तासभर त्यात बुडवायची, मग जुन्या टूथब्रशनं घासायची. नळ निघत नसेल तर याच पाण्यात भिजवलेलं फडकं अर्धा तास गुंडाळून ठेवा, मग स्वच्छ पाण्यानं धुवा. खाली टब ठेवायला विसरू नका, शहाबादीला लिंबूसत्वही चालत नाही. पण आजकालच्या पोरांना अर्धा तास थांबवतच नाही. पाच मिनिटांत चकाचक पाहिजे.

दुसरी चूक गीझरची. सोलापूरच्या उन्हाळ्यातसुद्धा लोक थर्मोस्टॅट शेवटच्या आकड्यावर ठेवतात आणि वर बादलीत गार पाणी मिसळतात! पाणी जेवढं तापवाल तेवढा क्षार जास्त बसतो, आणि बसतो तो सगळ्यात गरम जागी, म्हणजे कॉईलवर. मावशींच्या गीझरची कॉईल बाहेर काढली तर मनगटाएवढी जाड झालेली, बोटानं दाबलं की पापुद्रे पडत होते. टाकीच्या तळातून गाळ निघाला तो वेगळाच. मी काटा 50-55 अंशांवर ठेवायला सांगतो आणि वर्षातून एकदा गीझर उघडून घेतो. आतली मॅग्नेशियमची कांडीही तेव्हाच बघायची, टाकीऐवजी ती गंजते. ती झिजली की पुढचा नंबर टाकीचा.

आता मूळ दुखणं. महापालिकेचं पाणी रोज येत नाही, ते संपलं की बोअर चालू करून त्याच टाकीत सोडतात. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, म्हणजे क्षार जास्त. जमलं तर वर दोन टाक्या करा: नळाचं पाणी स्वयंपाकघर, गीझर आणि वॉशिंग मशीनला, बोअरचं संडास आणि अंगणाला. पाइपाचा खर्च होतो, पण दर दोन वर्षांनी कॉईल घेण्यापेक्षा परवडतो.

तुरटी फिरवून गाळ बसतो, क्षार जात नाही.

जडपणा काढणारा सॉफ्टनर बसवला की लोक टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेलं सगळं मोजणारं) घालून बघतात आणि मला फोन करतात, "आकडा कमीच होईना!" होणारच नाही. सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्याच्या जागी सोडियम सोडतो, मीटर दोन्ही मोजतं. जडपणा बघायचा तर लॅबमधून तपासून घ्या. पिण्याच्या पाण्यासाठी सरकारी मानक लिटरला 200 मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत. आणि सॉफ्टनरचं पाणी झाडांना घालू नका, आणि सॉफ्टनरमध्ये मीठ वेळेवर भरा. मीठ संपलेला सॉफ्टनर म्हणजे नुसती उभी टाकी.

क्षार बसू नये म्हणून पाइपावर लावायचं चुंबक? मी बसवत नाही. पैसे जास्त झाले असतील तर बसवा.

आणि तूरडाळ शिजत नाही म्हणून शिट्ट्या वाढवू नका, गॅस जातो. डाळ पिण्याच्या पाण्यात भिजवा, त्यातच शिजवा. बोअरच्या पाण्यातला कॅल्शियम डाळीचा दाणा घट्ट धरून ठेवतो, तिथं कुकर नवा घेऊन काय होणार?