एसडब्ल्यूआर एकास एक, पण ऐकतंय कोण?

हॅम रेडिओचं नवीन लायसन आलेली पोरं मला एकच विचारतात, मॅन्युअल ट्यूनर घेऊ का ऑटो. ट्यूनर म्हणजे रिग (रेडिओ सेट) आणि अँटेनाच्या मधे लावायचा जुळवणीचा डबा, आणि एसडब्ल्यूआर म्हणजे किती पॉवर परत येते त्याचं माप, एकास एक म्हणजे काहीच परत येत नाही. मी आधी माझी फजिती सांगतो, मग तुमचं तुम्ही ठरवा.

माझं यावलला मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. व्हीयू३ चा कॉल (स्टेशनचं ओळख-नाव) मिळाला म्हणजे रिस्ट्रिक्टेड ग्रेड, एचएफवर (३ ते ३० मेगाहर्ट्झ) ५० वॅटची मर्यादा. जुना रिग घेतला त्यासोबत एक सेकंडहँड ट्यूनर आला, तीन नॉबवाला, एक ट्रान्समीटर बाजूचा कपॅसिटर, एक अँटेना बाजूचा आणि मधे कॉइलचा स्विच, ए पासून एल पर्यंत. मला वाटलं कॉइल म्हणजे तांब्याची तार, हे तर आपलंच खातं, यात काय शिकायचं! गच्चीवर ४० मीटर बँडचा (७ मेगाहर्ट्झच्या आसपास) डायपोल, म्हणजे दोन तारांची अँटेना, टाकलेला होता, दोन्ही बाजूला दहा-दहा मीटर तार, मधून आरजी ५८ केबल खाली खोलीत. सुरवातीला तो ट्यूनरशिवाय सुद्धा मस्त चालायचा. मग एका रात्री वारं सुटलं, सकाळी बघतो तर एसडब्ल्यूआर वर चढलेला. म्हटलं ट्यूनर कशाला आहे, लावला मधे, नॉब फिरवत बसलो अर्धा तास आणि रिफ्लेक्टेडचा (परत येणाऱ्या पॉवरचा) काटा झोपला. एकास एक! फोटो काढून दोस्तांना पाठवला सुद्धा.

पुढचे पंधरा दिवस कोणी ऐकेना. पुण्याचे एक ओएम, म्हणजे हॅम गडी, एवढंच बोलले की कोणीतरी नॉइजच्या खाली आहे पण फार वीक. मला स्टेशनं पण बारीक ऐकू यायची, मी बँडला शिव्या देत होतो की कंडिशन खराब आहेत. एके दिवशी ट्यूनरच्या झाकणावर हात पडला तर कोमट लागलं, जानेवारीची सकाळ आणि लोखंड कोमट? उघडून बघितलं, कॉइलचा प्लास्टिकचा फॉर्मर (ज्यावर तार गुंडाळतात तो) एका बाजूनं मऊ पडून वाकलेला. जळक्या मोटरी रोज उघडतो मी, तो वास ओळखायला कोणी लागत नाही.

भुसावळला एक रिटायर्ड नाना आहेत, त्यांना फोन केला. ते आले, ट्यूनरला हात सुद्धा लावला नाही. म्हणे, "भो, हा डबा बाजूला काढ पहिले." बायपासला टाकून, म्हणजे ट्यूनर वगळून, बघितलं तर मीटर टोकाला. गच्चीवर गेलो तर डायपोलची एक तार मधल्या सांध्यातून निखळून नुसती पीव्हीसीच्या तुकड्याला अडकलेली, खालून एकदम शाबूत दिसायची. म्हणजे पंधरा दिवस मी अर्ध्या अँटेनावर बोलत होतो आणि ट्यूनर ते झाकून ठेवत होता. त्या दिवशी भरीत आणि कळण्याची भाकरी खाताना नानांनी जे सांगितलं तेच खाली लिहितोय.

ट्यूनर अँटेनाला ट्यून करत नाही. तो रिगला फक्त ५० ओहम दाखवतो, रिग त्याच्यासाठीच बनलेला असतो, म्हणजे रिग खुश. पण ट्यूनरच्या पुढे अँटेनापर्यंत जी केबल जाते तिच्यावरचा एसडब्ल्यूआर तसाच राहतो आणि पातळ कोअॅक्स (आरजी ५८ सारखी केबल) असली की पॉवर तिथेच गरम होण्यात जाते. दोनास एक असेल तर साधारण ११ टक्के पॉवर परत येते, तीनास एकला २५ टक्के, आणि नवीन रिग तेवढ्यात स्वतःच पॉवर कमी करून घेतात. एवढ्या कामासाठी ट्यूनर चांगला, म्हणजे बँडच्या टोकाला गेल्यावर थोडं सावरायला. माझाच ४० चा डायपोल २० मीटरवर चालवला तर ट्यूनर मॅच दाखवेल पण तिथे इम्पिडन्स (एसी करंटला होणारा विरोध) हजारो ओहम असतो, अर्ध्याहून जास्त पॉवर केबल खाईल. २१ मेगाहर्ट्झवर मात्र तोच डायपोल बराच नीट चालतो, तिप्पट फ्रिक्वेन्सी म्हणून, ही गंमत करून बघा.

दुसरी भानगड अशी की एकास एक एकाच जागी मिळत नाही, नॉबच्या दोन-तीन जोड्यांवर मिळतं आणि त्यातल्या काही जोड्या कॉइल तापवणाऱ्या असतात. कमीत कमी कॉइल आणि जास्तीत जास्त कपॅसिटर, अशी जोडी शोधायची. आकड्यावर जाऊ नका, कोणाच्या डायलवर शून्य म्हणजे जास्त तर कोणाच्या दहा, रिग बंद करून झाकण उघडा, पाती एकमेकांत पूर्ण शिरली की कपॅसिटर जास्त, एवढं डोळ्यानं बघून घ्या.

लावायचा कसा? आधी नुसतं ऐका. दोन्ही कपॅसिटर मधोमध ठेवा आणि कॉइलचा स्विच एकेक घर सरकवत जा, एका घरावर सर्रर्र आवाज एकदम भरून येतो. आमच्याकडे केळीच्या बागांना थ्री फेज लाईट आली की बँडवर मोटरींचा एवढा कचरा असतो की ते घर चुकूच शकत नाही, नॉइजचा एवढाच उपयोग! मग कपॅसिटर हलवून आवाज अजून वाढवा. इथपर्यंत एक वॅट सुद्धा बाहेर गेलेला नाही आणि ऐंशी टक्के काम झालंय. आता फ्रिक्वेन्सी रिकामी आहे का ते विचारा, आपला कॉल द्या, पॉवर ५-१० वॅटवर आणा, मोड एएम किंवा सीडब्ल्यू (मोर्स), दोन-चार सेकंद कॅरिअर (बोलण्याशिवायची नुसती लहर) सोडा, एक कपॅसिटर थोडा, मग दुसरा थोडा, सोडा, थांबा, परत. चालू क्यूएसओवर (दुसऱ्यांच्या बोलण्यावर) ट्यून मारत बसलात तर शिव्या खाल, आणि बरोबर आहे ते.

कॅरिअर चालू असताना कॉइलचा स्विच फिरवायचा नाही म्हणजे नाही. मी एकदा फिरवला, आतून चट्ट आवाज आला, नंतर बघितलं तर कॉन्टॅक्टवर काळा डाग, जुन्या स्टार्टरच्या पट्टीवर पडतो अगदी तस्सा. उन्हाळ्यात आमच्याकडे धूळ पण फार, पात्यांमधे धूळ बसली की तिथे पण ठिणगी पडते, म्हणून महिन्याला ब्रश मारतो.

सगळ्या बँडवर एकच अँटेना चालवायची असेल तर कोअॅक्सऐवजी लॅडर लाइन (अंतर ठेवून शेजारी नेलेल्या दोन तारा) करा, तिच्यात एसडब्ल्यूआर जास्त असला तरी लॉस फार कमी. मी ठिबकच्या लॅटरलचे बोटभर तुकडे कापून दोन तारांच्या मधे लावलेत, जळगाव जिल्ह्यात ती नळी फुकटच मिळते. फक्त लाइन पत्र्याच्या शेडपासून लांब न्या आणि ट्यूनरला बालन (दोन तारांची लाइन ट्यूनरला जोडणारा ट्रान्सफॉर्मर) लागतो. अर्थिंग पण नीट करा, नाहीतर बोलता बोलता माइकचा ओठाला चटका बसतो, मी खाल्लाय.

ऑटो ट्यूनर वाईट नाही, खिशात पैसे असतील तर घ्या, पण कुठलाही घेतला तरी आठवड्यातून एकदा बायपासला टाकून खरा एसडब्ल्यूआर बघा आणि वहीत लिहा. माझ्या वहीत प्रत्येक बँडपुढे तीन नॉबचे आकडे आहेत, बँड बदलला की त्या आकड्यांवर नेतो, कॅरिअर जेमतेम दोन सेकंद लागतो. ती वाकलेली कॉइल नंतर मीच गुंडाळली, टर्न मोजून, दुकानातल्या १४ गेजच्या तारेनं, टॅपच्या जागी इनॅमल खरवडून. तरी दोन घरं थोडी सरकलीत, म्हणून वहीत ८० मीटरपुढे जुने आकडे खोडून नवीन लिहिलेत, आणि खाली नानांच्या अक्षरात, 'आधी गच्चीवर जा'.