द्राक्षबागेसाठी पावसाचा अंदाज कसा वाचायचा
‘नाशिक जिल्ह्याला यलो अलर्ट’ एवढ्यावर फवारणी थांबवू नका. अरबी समुद्रावरची ओलसर हवा इगतपुरी-त्र्यंबकच्या डोंगरांना अडून वर चढते, थंड होते, बाष्पाचे थेंब बनतात आणि बहुतेक पाऊस तिकडेच पडतो. आमच्या निफाड-सिन्नरला बऱ्याचदा नुसतं आभाळ. म्हणून आधी तालुक्याचा अंदाज बघा, मग आकडा: हवामान खात्याचा ‘मुसळधार’ म्हणजे २४ तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा जास्त.

ऑक्टोबर छाटणीनंतर हे गणित बदलतं. तेव्हाचा पाऊस तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेचा. दुपारी कोबीच्या गड्ड्यासारखे ढग भराभर उंच वाढले, माथा सपाट पसरला, की मोबाईलवरचा अंदाज राहू द्या; ब्लोअर (फवारणीचं यंत्र) शेडमध्ये लावा. डाउनी या द्राक्षावरच्या रोगाची भीती असतेच, पण मारलेलं औषध पानावर सुकायच्या आत सर आली तर पैसे मातीत.