माराचं स्थलांतर बघायचंय? मग दिवस नदीसाठी राखा

शाळेला सुट्टी मे महिन्यात, म्हणून सफारीही मे महिन्यात, हा हिशेब केनियातल्या मसाई मारा अभयारण्याला चालत नाही. मे महिन्यात विल्डेबीस्टचे, म्हणजे मोठ्या आफ्रिकी कुरंगांचे, कळप टांझानियात, सेरेंगेटीच्या मध्य आणि पश्चिम भागात चरत असतात. दिवाळीच्या सुट्टीत जाल तर बहुतेक कळप दक्षिणेकडे परत निघालेले असतात. सुमारे 13 ते 15 लाख विल्डेबीस्ट आणि त्यांच्यासोबत लाखो झेब्रे नि गॅझेल पावसामागून कोवळ्या गवताकडे वर्षभर गोल फिरत राहतात. त्याला ठरलेली तारीख नसते. तारीख छातीठोकपणे सांगणारा एजंट दिसला की दुसरा शोधा.

हे कळप केनियाच्या बाजूने, मारा नदी ओलांडताना बघायचे असतील तर जुलैअखेर ते सप्टेंबरअखेर जा. त्यातही ऑगस्टचा मध्य ते सप्टेंबरचा मध्य सर्वात भरवशाचा. मुलांची आठवडाभर शाळा बुडेल, बुडू द्या. ते अजिबातच जमणार नसेल आणि नदी ओलांडणारे कळप नाही दिसले तरी चालणार असेल, तर फेब्रुवारीत दक्षिण सेरेंगेटीतल्या एनडुटूला जा. तिथे बहुतेक वासरं दोन-तीन आठवड्यांत जन्मतात आणि चित्ते, तरस मागावर असतात. मात्र तिथे मारा नदी नाही, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

आता जिथे बहुतेकांचं चुकतं तो भाग. नैरोबी, अंबोसेली, नाकुरू, नैवाशा आणि शेवटी ‘मारा 2 रात्री’ असं आठ दिवसांचं पॅकेज समोर येतं. 2 रात्री म्हणजे नदीवर पूर्ण दिवस एकच. पहिला दिवस नैरोबीहून नारोकमार्गे येण्यात जातो, पाच-सहा तास लागतात. तिसऱ्या दिवशी सकाळीच सामान बांधायचं असतं. त्या एका दिवशी कळप काठाशी येऊन परत फिरला तर तुमच्या हाती काहीच नाही. बाकीची तळी नि डोंगर सोडून द्या, माराच्या 4 रात्री घ्या आणि चारही एकाच मुक्कामी काढा. 

मुक्काम कुठे घ्यायचा हे नकाशावर नदीपासूनचं अंतर मोजून ठरवा. राखीव क्षेत्राच्या सेकेनानी गेटबाहेरचे कॅम्प स्वस्त असतात, पण तिथून कळप नदी ओलांडतात त्या जागा गाठायला दीड-दोन तास मोडतात आणि तेवढेच परतीला. मुसियारा गेटची बाजू किंवा राखीव क्षेत्राचा नदीपलीकडचा भाग, मारा ट्रँगल, महाग, तरी तिथेच राहा. भोवतीच्या खासगी कॉन्झर्व्हन्सीत, म्हणजे खासगी संरक्षित माळरानांत, गर्दी कमी असते, सिंह-बिबटे निवांत दिसतात. नदीसाठी मात्र राखीव क्षेत्रातच यावं लागतं.

कोटेशन हातात आलं की पहिला प्रश्न प्रवेशशुल्काचा विचारा. जुलै ते डिसेंबर परदेशी प्रौढाला दिवसाला 200 डॉलर लागतात, चार प्रौढांचे चार दिवसांचे 3,200 डॉलर झाले. ‘स्वस्त’ पॅकेजमध्ये नेमके हेच धरलेले नसतात. तिकीट सकाळी 6 ते संध्याकाळी 6 एवढंच चालतं. म्हणून गेटबाहेर राहणार असाल आणि दुपारी तीनला पोहोचलात, तर त्या दिवशी आत शिरू नका. तीन तासांसाठी माणशी 200 डॉलर जातात.

गाडी उघडणाऱ्या छपराची लँड क्रूझरच घ्या. पावसात काळी माती धरली की व्हॅन तिथेच बसते.

केनियाचं ऑनलाइन प्रवासपरवानापत्र घरबसल्या होतं. पिवळ्या तापाची लस मात्र अधिकृत केंद्रातच, निघण्याच्या किमान 10 दिवस आधी घ्या. तिचं कार्ड नसेल तर परतल्यावर मुंबई विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. साठीपुढच्यांनी लस घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं. मलेरियाच्या गोळ्यांचंही तेव्हाच विचारून घ्या.

नाशिकहून मुंबई विमानतळासाठी आदल्या दिवशीच निघा. समृद्धीमुळे कसारा घाट टळला, भिवंडी-ठाण्याची ऑगस्टमधली कोंडी टळलेली नाही. 2027 ला जाणार असाल तर सिंहस्थाच्या पर्वण्यांच्या तारखा आधी बघा, त्या ऑगस्ट-सप्टेंबरातच आहेत.

सामानात नाशिकच्या डिसेंबरातल्या पहाटेला पुरेल असं जाकीट आणि प्रत्येकाला स्वतंत्र दुर्बीण हवी. एका दुर्बिणीत चौघं बघायला गेले की नेमकं दृश्य निसटतं. 8×42 (आठ पट मोठं दाखवणारी, 42 मिमी भिंगाची) पुरते. निघायच्या आधीच्या थंडीत नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात दोन सकाळी जाऊन बदकांवर फोकस करायचा सराव करा. प्लास्टिकच्या पिशव्या घरीच ठेवा, केनियात 2017 पासून बंदी आहे.

आणि आता नदी. सकाळी फेरी, दुपारी जेवायला कॅम्पवर, चारला पुन्हा फेरी, हे वेळापत्रक वाघासाठी ठीक आहे. विल्डेबीस्ट भर दुपारीसुद्धा उतरतात. डबा बांधून घ्या आणि दिवसभर काठावर थांबा, हे बुकिंग करतानाच लिहून घ्या.

पलीकडच्या माळावर धुळीची रेघ दिसली, रांगा काठाकडे वळू लागल्या की गाडी काठापासून चांगली दूर, झुडपाआड लावा. इंजिन बंद. पुढची जनावरं उतारावर येतात, पाणी हुंगतात, मागचे ढकलत राहतात, आणि एक झेब्रा बिचकला की अख्खा कळप उधळून मागे पळतो. असं तीन-तीन तास चालतं. याच वेळी कोणीतरी अधीर होऊन गाडी कडेला घालतो, कळपाची वाट अडते आणि सगळ्यांचा दिवस जातो. तुमच्या ड्रायव्हरला ‘अजून पुढे घ्या’ कधीही म्हणू नका. टीपच्या आशेने तो घेईलही. पहिली वीस-पंचवीस जनावरं पाण्यात पडून पोहू लागली, रांग तुटत नाही असं दिसलं, की मग हळूच पुढे जा. त्यानंतर ती सहसा थांबत नाहीत. गाडीतून उतरायचं नाही, ओरडायचं नाही.

पहिली दोन मिनिटं मोबाईल खाली ठेवून बघा. कडा खचत असतो, वरून उड्या पडत असतात, मगर पाण्यात सरळ रेघ ओढत येते. शेवटचं जनावर वर चढलं की बाकीच्या गाड्या निघतात. तुम्ही अर्धा तास थांबा. चुकामूक झालेल्या माद्या काठावर हंबरत, वासरू हुंगून ओळखत फिरत असतात, आणि एखादी ते सापडेना म्हणून त्याच पाण्यात पुन्हा उतरते.