गाडीचा एसी गार करत नाही म्हणून लगेच गॅस भरताय? या चुका टाळा

मार्च लागला की कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमच्या गॅरेजला सकाळपासून एकच वाक्य कानावर पडतं, "कूलिंग कमी झालंय, जरा गॅस मारून द्या की." गॅस कमी झालाय हे कशावरून, असं विचारलं की म्हणतात दोन वर्षं झाली भरलेला नाही. सतरा वर्षं एसीचंच काम करतोय, आणि दर उन्हाळ्यात हेच समजावत बसतो, म्हणून एकदा सगळं लिहूनच काढतो.

पहिली गोष्ट, गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे, तो जळून किंवा वापरून संपत नाही. सिस्टीम बंद असते, तोच गॅस कॉम्प्रेसर (गॅस दाबणारा पंप), कंडेन्सर (गाडीच्या तोंडाशी असलेली, गॅस थंड करणारी जाळी), कूलिंग कॉईल असा फिरत राहतो. रबरी होजमधनं आणि कॉम्प्रेसरच्या शाफ्ट सीलमधनं किंचित झिरपतो, त्यामुळे आठ-दहा वर्षांच्या गाडीत थोडा कमी निघाला तर मी समजू शकतो, पण दरवर्षी भरावा लागत असेल तर कुठंतरी लीक आहे, विषय संपला. "दर सीझनला टॉप-अप" ही सर्व्हिस नाही, लीक पोसणं आहे.

कागलकडच्या एका काकांची सेडान आली होती. तीन उन्हाळे त्यांनी वेगवेगळ्या ठिकाणी गॅस भरून घेतला, प्रत्येक वेळी अर्ध्या तासात काम, काका खूश, मे-जूनपर्यंत गार आणि पुढच्या वर्षी परत तेच. चौथ्या वर्षी आमच्याकडं आले ते कॉम्प्रेसर जाम होऊनच. कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं की कॉम्प्रेसरचं ऑइल गॅसबरोबरच फिरतं आणि लीकमधनं गॅसबरोबर ते पण बाहेर पडतं, गॅस तीनदा भरला पण ऑइल एकदाही घातलं नाही, मग कोरडा चालून चालून कॉम्प्रेसर आतनं खाल्ला गेला आणि त्याचा चुरा पार कंडेन्सरपर्यंत गेला. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कॉईलमध्ये गॅस मोजून सोडणारा) सगळं बदललं, चाळीस हजारांच्या वर गेलं. आणि लीक कुठं होता? कंडेन्सरच्या पाइपच्या जॉइंटला. टॉर्च मारली तर जॉइंटभोवती बोटभर काळा चिकट थर, त्यावर धूळ आणि कारखान्याची काजळी बसून बसून तव्याच्या बुडासारखा झालेला. बोट फिरवलं तर तेल लागलं. साबणाचा फेस लावला तर एका कडेला जोंधळ्याच्या दाण्याएवढा बुडबुडा हळूहळू फुगत होता. पन्नास रुपयांच्या आतली ओ-रिंग, म्हणजे जॉइंटमधली रबरी रिंग! काकांचा चेहरा बघवत नव्हता.

म्हणून माझी सवय एकच, लीक सापडल्याशिवाय गॅस भरायचा नाही, गिऱ्हाईक कितीही घाईत असू दे. आधी सगळ्या जॉइंटवर तेलाचा डाग बघतो, मग नायट्रोजनचं प्रेशर देऊन साबण लावतो, शंका असेल तर गाडी रात्रभर प्रेशरवर ठेवतो. काहीजण टायरची हवाच मारतात, ते करू नका, त्यातला ओलावा सिस्टीममध्ये जातो. लीक काढला की किमान अर्धा तास व्हॅक्यूम, म्हणजे पंपानं आतली हवा आणि ओलावा ओढून काढायचा, आणि मगच गॅस. "व्हॅक्यूम कशाला, वेळ जातो" म्हणणाऱ्याला मी सरळ सांगतो, दुसरीकडं जावा. आत राहिलेल्या ओलाव्यानं ॲसिड तयार होतं आणि ते आतनं सगळं खातं.

दुसरी चूक, जी मला सगळ्यात जास्त छळते. गाडी तावडे हॉटेलवरनं हायवेला लागली की झकास गार, आणि दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला उभी राहिली की गरम हवा. अशी गाडी दिसली की मी गेज (गॅसचं प्रेशर मोजायचं मीटर) लावायच्या आधी कंडेन्सरचा फॅन बघतो, कारण हायवेला समोरची हवा काम भागवते, थांबल्यावर फॅनच लागतो. फॅन, त्याचा रिले, वायरिंग, नाहीतर चिखलानं आणि पाचटाच्या भुसकटानं बुजलेला कंडेन्सर, बहुतेक वेळा यातच काहीतरी मिळतं. कंडेन्सर साध्या पाइपनं हळू धुवा, प्रेशर वॉशर जवळनं मारून जाळी वाकवू नका. अशा गाडीत वरनं अजून गॅस कोंबला तर हाय साइडचं, म्हणजे कॉम्प्रेसरमधनं बाहेर पडणाऱ्या बाजूचं प्रेशर चढतं, कॉम्प्रेसर कट होतो आणि होतं ते कूलिंग पण जातं.

हवा गार आहे पण जोरच नाही? एसी फिल्टर बघा. एकातनं उंदराचं घरटं निघालंय.

मग गॅस खरंच कमी असल्याचं कशावरून ओळखायचं? ब्लोअर फुल, हवा भरपूर, पण कोमट, आणि हे एका दिवसात नाही तर आठवड्या-आठवड्यानं वाढत गेलेलं. क्लचवाला कॉम्प्रेसर असेल (गिअरचा क्लच नव्हे, कॉम्प्रेसर इंजिनला जोडणारा-सोडणारा) तर टक् करून लागतो आणि काही सेकंदांत परत टक् करून सुटतो, कारण लो साइडचं, म्हणजे कॉम्प्रेसरकडं परत येणाऱ्या बाजूचं प्रेशर पडून स्विच त्याला बंद करतो. (नव्या बऱ्याच गाड्यांत कॉम्प्रेसरला क्लच नसतो, तिथं ही टकटक शोधू नका.) एसी चालू असताना बोनेटखालचा जाड पाइप गार होऊन त्याला घाम यायला पाहिजे, तो नुसता कोमट असेल तर शंका घ्या. गेजवर लो आणि हाय दोन्ही बाजू खाली दिसतात, पण ते इंजिन आणि एसी चालू असताना. बंद गाडीला गेज लावून "९५ पीएसआय आहे, गॅस फुल आहे" म्हणणारे लई बघितलेत. ३० डिग्रीला आर-१३४ए या एसीच्या गॅसचं प्रेशर साधारण तेवढंच असतं, आत २०० ग्रॅम असू दे नाहीतर ५००, थोडा जरी लिक्विड शिल्लक असला तरी काटा तेवढाच दाखवणार. किती आहे ते वजनावरच कळतं.

लीक बंद करणारे ऑनलाइनचे डबे घालू नका, व्हॉल्व्ह चोक होतो. स्वस्त म्हणून पेट घेणारा एलपीजीसारखा गॅस तर कुणी फुकट दिला तरी नको, गाडीत लेकरंबाळं बसतात.

थंडीत आठवड्यातनं दहा मिनिटं एसी लावत जा, सील तेलानं ओलं राहतं. गाडीखाली पडणारं साधं पाणी म्हणजे लीक नव्हे.

आणि बोनेटखाली स्टिकर असतो, त्यावर कुठला गॅस आणि किती ग्रॅम ते लिहिलेलं असतं, त्याचा आजच फोटो काढून ठेवा. आर-१२३४वायएफ लिहिलं असेल तर त्यात १३४ए चालत नाही. भरताना सिलिंडर वजनकाट्यावर ठेवायला लावा आणि आकडा स्वतः उभं राहून बघा. काटाच नाही म्हणाले तर गाडी तशीच मागं फिरवा.